आठ गड्यांचा चेंडू

२ सप्टेंबर

वहिनी चेंडू घेऊन आल्या. दादाच्या राखाडी स्वेटरात गुंडाळून. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. टेबलावर पुडकं ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्हीच करा. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही." चेंडू बैठकीसकट बाहेर काढून स्वेटर परत घेऊन गेल्या. नीट घडी घालून.

दादा जाऊन तीन महिने झाले. मला वाटलं होतं, आता सवय झाली. कसली सवय! स्वेटराचा वास आला आणि मी उगाच ड्रॉवरमध्ये पक्कड शोधत बसलो. पक्कड समोरच होती.

क्लबानं जुन्या खेळाडूंसाठी एक दालन बांधलंय. अठ्ठावीस तारखेला उद्घाटन. मधल्या कपाटात दादाचा चेंडू ठेवणार. ज्या चेंडूनं त्यानं अंतिम सामन्यात आठ गडी बाद केले, तो. क्लबानंच तेव्हा त्याला लाकडी बैठक करून दिली होती, पुढं नाव कोरलेली पाटी, चेंडू बसवायला पितळी वाटी, वर काचेची घुमटी. या वर्षी वहिनींच्या भिंतीतून पाणी झिरपलं आणि घुमटीच्या आत बुरशी धरली. पांढरी, मिठासारखी.

म्हटलं, होईल.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळच्या उजेडात नीट पाहिला. बुरशी वरवरची आहे, कातड्यात शिरलेली नाही. एका जागी टाके सैल झालेत, तेवढे ओढून घेता येतील. बाकी चेंडू म्हणजे दादाच. एक बाजू घोटून घोटून गुळगुळीत, दुसरी खरबरीत. रंग काळपट तांबूस. दादा एकाच बाजूला चकाकी ठेवायचा, पँटीवर घासून. आई कावायची. तो लाल डाग कधी म्हणून निघाला नाही.

त्या सामन्याला मी होतो. सीमारेषेला चिकटून बसलो होतो, नाक वाहत होतं. आठवा गडी बाद झाला तेव्हा सगळे मैदानात धावले आणि मी चपला शोधत राहिलो. मग दादानंच मला शोधून काढलं. चेंडू माझ्या हातात दिला, "धर. पण शेंबूड लावू नकोस." चेंडू गरम होता. बाकी काय काय झालं ते लोक मला सांगतात. मला तो गरम होता एवढंच आठवतं.

काम सुरू करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढायचे, हा माझा नेम. गिऱ्हाईक कोणीही असो. आज काढले नाहीत. घरचाच चेंडू, घरचंच काम. पुरावा द्यायचाय कुणाला?

५ सप्टेंबर

ही म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना इतक्या मायेनं कधी तेल चोळलं नाहीत." मी म्हटलं, तुझे गुडघे काही क्लबाच्या कपाटात ठेवणार नाहीत. जेवताना बोलली नाही. मग हसली.

बुरशी गेली. टाके उद्या.

८ सप्टेंबर, सोमवार

क्लबाचे सेक्रेटरी येऊन गेले. बसण्याआधी माझी खुर्ची रुमालानं पुसली. "चकाचक करून टाका. पाहुण्यांचे डोळे दिपले पाहिजेत." मी म्हटलं, साहेब, चकाचक चेंडू दुकानात मिळतो, आत्ता जाऊन आणा. जुन्या वस्तूला जुनं दिसू द्यावं. म्हणाले, "तुम्ही कारागीर लोक फार हट्टी." असेन. हट्टावरच पोट चाललंय.

माझे नियम तीन. वापरानं आलेलं ठेवायचं. कुजण्यानं आलेलं काढायचं. आणि कुणी मुद्दाम फासलेलं असेल तर ते धुऊन टाकायचं. या तिसऱ्यापायी मी किती जणांना दारातून परत पाठवलं! दलाल यायचे. बॅटीवरची पुसट सही जरा गडद करून द्या. हे नवे हातमोजे आहेत, जरा जुने दिसतील असं बघा. कसं करतात ते मला त्यांच्याहून चांगलं येतं. चहाचं पाणी, बुटाचं पॉलिश, अंगणातली माती आणि थोडा धीर. ज्यांनी केलं त्यांचे मजल्यावर मजले चढले. मी अजून याच खोलीत, स्पिरिटच्या वासात. नाकाला आता दुसरा वास नीट येतही नाही. हिनं एकदाच विचारलं होतं, "एखादी सही गडद केली तर कुणाचं काय जातं?" मी दोन दिवस अबोला धरला. तिनंही परत विषय काढला नाही.

दादाला मात्र त्याचं कौतुक. चारचौघांत खांद्यावर हात टाकून सांगायचा, "आमच्या धाकट्याकडं खोटं टिकत नाही." मी लाजायचो. पण बरं वाटायचं.

१० सप्टेंबर

दलालाचा फोन. कुठून कळलं कोण जाणे. "क्लबाला फुकट कशाला देता? माझ्याकडं गिऱ्हाईक बसलंय. वहिनींना म्हातारपणाची ददात राहणार नाही." मी ऐकून घेतलं आणि वहिनींना सांगितलं, शेवटी निर्णय त्यांचा. त्या म्हणाल्या, "यांचं नाव भिंतीवर लागतंय, मला अजून काय हवं?" फोन ठेवताना त्यांचा आवाज जरा कापला असं वाटलं. रडू आलं असेल.

११ सप्टेंबर

बैठकीची पितळी वाटी हिरवी पडून चेंडूला चिकटली होती. काल तेलाचा थेंब सोडून ठेवला होता. आज चेंडू सुटला. उलटा केला. खालच्या बाजूचा शिक्का आजवर कुणी पाहिलाच नव्हता.

उडता बगळा.

तो माझ्या कारखान्याचा शिक्का. जिथं मी चेंडू शिवायला शिकलो तो कारखाना. दादाचा सामना झाला तेव्हा मी हाफ चड्डीत शाळेला जात होतो. कारखाना निघाला मला मिसरूड फुटल्यावर. त्या सामन्यात बगळ्याचा चेंडू असूच शकत नाही.

चष्मा पुसून पाहिला. खिडकीत नेऊन पाहिला. बगळाच.

१२ सप्टेंबर

खरबरीत बाजूवर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा तपकिरी झाला. हुंगला. बुटाचं पॉलिश. शिवणीत माती दाबून बसवलेली, टाक्यांना चहाचा डाग. फासलंय सगळं. कुणीतरी बसून, सवडीनं फासलंय.

कुणीतरी म्हणजे कोण? चेंडू कुणाचा? घर कुणाचं?

एक वर्ष दादाचं फार वाईट गेलं होतं. दुकान बंद पडलं होतं. आणि त्याच वर्षी घराचं छप्पर नवं झालं. मी विचारलं, कसं जमवलंस? म्हणाला, "जमतं रे." आता कळलं कसं जमलं. खरा चेंडू कुणा दलालाला विकला आणि घुमटीखाली हा बसवला. वर पुन्हा मला म्हणायचा, तुझ्याकडं खोटं टिकत नाही!

एवढा राग मला दादाचा कधी आला नव्हता. तो असताना आला असता तर भांडलो तरी असतो. दोन दिवसांनी त्यानंच हाक मारली असती. आता राग घेऊन जाऊ कुठं?

१३ सप्टेंबर

धुतला. सगळा.

१५ सप्टेंबर, सोमवार

नुसता धुऊन थांबलो नाही. हातात आला की राग थांबत नाही माझा.

खरबरीत बाजू बारीक पॉलिश पेपरनं घासली. ओरखडे सपाट केले. तांबडा रंग चढवला, तो वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घोटला, वरून लॅकरचा हात दिला. कारखान्यात उस्तादांनी शिकवलं होतं तसा, एक पायरी न चुकवता. म्हटलं, कारखान्याचा चेंडू ना तू? मग कारखान्यातून निघालास तसा दिस. आता लालभडक दिसतोय. एवढा चांगला हात बऱ्याच दिवसांत लागला नव्हता माझा. डोळ्यांतून पाणी येत होतं सारखं. स्पिरिटनं येतंच म्हणा.

ही चहा घेऊन आली. चेंडू पाहिला, मला पाहिलं. मी सगळं सांगितलं. म्हणाली, "गेलेल्या माणसाशी भांडताय तुम्ही. तो उत्तर देणार नाही, आणि तुम्ही गप्प बसणार नाही." कप ठेवून गेली.

१७ सप्टेंबर

सेक्रेटरी खूश. "बघा, मी सांगत होतो ना! आता कसा दिसतोय!" मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाला मी हाकलून लावत होतो, त्याच्याच मनासारखं करून बसलो.

आता त्यांना माझ्याकडून एक ओळ लिहून हवी आहे. हाच तो चेंडू, मी नीट केला, खाली सही. "तुमची सही असली की कुणी शंका काढणार नाही." अठ्ठाविसाच्या आत द्या म्हणाले.

दिवसभर डोक्यात तेच. बगळा खाली वाटीत जाणार, कोण बघतंय? हवं तर तोही घासून टाकता येतो. अंगठ्याएवढी जागा. मग दादाचं नाव राहील. वहिनी पहिल्या रांगेत बसतील, टाळ्या पडतील. आणि माझी सही? सगळ्या आयुष्यात एक खोटी सही. तीही भावासाठी. परक्यासाठी नाही, पैशांसाठी नाही. कुणाचं काय जातं?

पॉलिश पेपर उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. चेंडूवर टेकवलासुद्धा. मग वाटलं, आधी वहिनींना विचारावं, त्या वर्षी छपराचे पैसे आले कुठून. मग काय करायचं ते करू.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वहिनी भाजी चिरत होत्या. मी पिशवीतून चेंडू काढून टेबलावर ठेवला. अजून काही बोललोही नव्हतो. त्यांनी पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"कळलं तुम्हाला."

मी म्हटलं, काय कळलं?

"मी ठेवला तेव्हा अस्साच होता. लाल."

मग त्यांनी सांगितलं. खाली मान घालून, पदराच्या टोकाशी चाळा करत. माझा पुतण्या, म्हणजे आमचा भोंगा — लहानपणी रडायला लागला की गल्ली गोळा व्हायची, म्हणून दादानंच ठेवलेलं नाव — तेव्हा दुसरीत होता. दादा कामासाठी परगावी. पोरानं घुमटी उचलली, चेंडू घेतला आणि मित्रांबरोबर खेळायला गेला. चेंडू मागच्या नाल्यात. पाणी जोरात होतं, गेला वाहून. वहिनी कडेकडेनं पुलापर्यंत धावत गेल्या. मग तशाच कारखान्याच्या दुकानात. "तुम्ही आत कामावर होतात. मला सारखी भीती, तुम्ही बाहेर याल, विचाराल. पहिला दिला तो घेतला आणि पळत आले."

तो चेंडू त्यांनी घुमटीखाली ठेवला. शिक्का खाली करून. पोराला दम भरला, बाबांना बोललास तर याद राख.

"दोन दिवसांनी हे आले. मी स्वयंपाकघरात लपल्यासारखी उभी. आता विचारतील, आता विचारतील. काही नाही. रोज वाट बघायची. नुसते घुमटीकडं बघायचे आणि जेवायला वाढ म्हणायचे. मला वाटायचं, या माणसाला स्वतःचा चेंडू ओळखू येऊ नये? इतका लाल? पुढं उन्हानं, धुळीनं त्याचा रंग आपोआप उतरत गेला, मला जरा श्वास घेता आला. पण सांगायचं राहिलं ते राहिलंच. दवाखान्यात शेवटी शेवटी रोज ठरवायची, आज सांगते. झोपलेले असायचे. जागे असले की विचारायचे, तू जेवलीस का. कसं सांगणार हो, भाऊजी? फसवलं मी त्यांना. जन्मभर."

रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी छपराचं विचारलं. म्हणाल्या, "माझी साखळी मोडली होती. तुम्ही वाद घातला असता म्हणून सांगितलं नाही."

मग मी विचारलं, तुम्ही या चेंडूला काही लावलं होतंत का? पॉलिश, चहाचं पाणी, काही?

"मी? मी हात लावला नाही परत त्याला. घुमटीवरून फडकं फिरवायची, तेसुद्धा दुसरीकडं बघत."

काचेखाली रंग असा आपोआप उतरत नाही. निदान बुटाचं पॉलिश तरी आपोआप चढत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. चेंडू पिशवीत घातला आणि निघालो. येताना घराचा जिना चुकलो, शेजारच्या इमारतीत चढलो.

१९ सप्टेंबर

एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत. गोलंदाजाशिवाय असं कुणी करत नाही. दलाल अख्खा चेंडू सारखाच काळा करतात, मी ढिगानं पाहिलेत. हे मला दिसलं होतं. इथंच लिहिलंय मी, दादाच म्हणून. आणि तरी...

दादाला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं असणार. वहिनींना त्यानं विचारलं नाही. त्या घरात नसताना चेंडू काढला, घासला, माती लावली, पॉलिश लावलं. एकदम नाही, थोडं थोडं. म्हणजे त्यांना वाटावं, आपोआप जुना होतोय. त्यांची भीती कमी व्हावी. त्यांना श्वास घेता यावा.

आणि मी त्याला खोटारडा म्हटलं. मनात म्हटलं, हिच्याजवळ म्हटलं, इथं लिहूनही ठेवलं.

दादानं बायकोसाठी केलेलं काम होतं ते. स्पिरिटनं धुतलं मी ते. आयुष्यभर लोकांच्या वस्तू जपल्या, बॅटीच्या मुठीवरचा घामाचा डागसुद्धा कुणाला पुसू दिला नाही, आणि माझ्याच भावाच्या हाताची खूण माझ्याच हातानं घासून काढली. तिसरा नियम! फासलेलं धुवायचं. कुणी फासलं, कशासाठी फासलं, हे विचारायचं माझ्या नियमात नव्हतं.

कापसाचे बोळे कचऱ्याच्या गाडीत गेले. तरी डबा उपडा करून पाहिला. ही दारात उभी होती. खाली बसून माझ्याबरोबर कचरा भरू लागली.

२० सप्टेंबर

हातात काम धरवलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

वहिनींचा फोन. "भाऊजी, सही करून टाका. आपण घरचे सोडून कुणाला माहीत आहे? एवढी वर्षं राहिला, अजून राहील. यांच्या नावाखाली रिकामं कपाट मला बघवणार नाही." आजवर त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं नाही. चमचाभर साखरसुद्धा नाही.

बघतो म्हणालो.

त्याच वेळी सांगायला हवं होतं, वहिनी, दादाला ठाऊक होतं, तुम्ही त्याला फसवलेलं नाही. जीभ उचललीच नाही. ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागतं, मी काय करून बसलो ते. भित्रा आहे मी. नियमांचा मोठा, आणि मनाचा एवढासा.

२४ सप्टेंबर

सेक्रेटरींना सांगितलं, बैठक खरी, पाटी खरी, चेंडू तो नव्हे. सही करणार नाही. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाले, "मग तो गेला कुठं?" मी म्हटलं, माहीत नाही. "म्हणजे दादांनी विकला. अहो, पुष्कळ जण विकतात, अडचण असते माणसाला." समजूतदारपणे मान हलवली. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण खरं सांगणार कसं? वहिनींचं नाव घेऊ? पोराचं?

सही केली नाही, हा माझा बाणा. त्याची किंमत दादा भरतोय.

२६ सप्टेंबर

न्हाव्याकडं गेलो होतो. आरशात मला पाहून दोघं बोलायचे थांबले. खुर्चीतला म्हणाला, "दादांचं ऐकलं. वाईट वाटलं." मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठणार होतो. न्हाव्यानं खांदा दाबून बसवलं.

हिला सांगितलं तर म्हणाली, "वहिनींना सगळं सांगा. काय होईल ते होऊ दे." बरोबर आहे तिचं. उद्या सांगतो म्हटलं. 

२७ सप्टेंबर

उद्या झाला, गेलो नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

दालन सुरेख केलंय. खोटं कशाला बोलू? पांढऱ्या भिंती, प्रत्येक कपाटावर दिवा. मधल्या कपाटात दादाची बैठक, पाटी, आणि पितळी वाटी रिकामी. लोक वाटीपाशी येऊन थांबायचे, एकमेकांकडं बघायचे. कुणी म्हणालं, "विकला म्हणतात." दबक्या आवाजात. पण दबका आवाज अशा खोलीत फार लांब जातो.

वहिनी पहिल्या रांगेत होत्या. भाषणं संपत आली तशा उठल्या. सेक्रेटरींना वाटलं, आभार मानायला. माइक पुढं केला. त्यांनी माइक हातानं बाजूला सारला.

"चेंडू यांनी विकला नाही. माझ्या हातून हरवला. मी दुसरा आणून ठेवला आणि यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला."

पोराचं नाव घेतलं नाही. खाली बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, दोन्ही हात पर्सवर. मग मागून कुणीतरी एक टाळी वाजवली, ती एकटीच वाजली.

परत येताना रिक्षात मी त्यांच्या शेजारी. म्हणाल्या, "त्यांना सांगायचं ते लोकांना सांगून आले. उपयोग काय त्याचा?"

२९ सप्टेंबर

सांगितलं. सगळं. शिक्का, पॉलिश, माती, एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत. दादाला माहीत होतं, वहिनी. तुम्हाला भीती वाटू नये म्हणून त्यानं तो जुना केला. आणि मी मूर्खानं तो धुतला.

त्या शांतपणे ऐकत होत्या. चहा गाळता गाळता. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं मन फार मोठं आहे."

मी म्हटलं, मनाचा काय संबंध, मी डोळ्यांनी पाहिलंय.

"मग फोटो असेल की. तुम्ही तर फाटक्या हातमोज्याचेसुद्धा काढता."

फोटो काढलेच नव्हते. मी चेंडूकडं बघितलं. ही एवढी चकाकी. एक रेघ नाही त्यावर, बोट ठेवून दाखवायला.

"असू द्या," म्हणाल्या. "माझ्या समाधानासाठी एवढं रचलंत, तेच पुष्कळ. पण यांना ठाऊक असतं तर हे एकदा तरी बोलले असते. मला ओळखतात ते. एवढी वर्षं मला अशी जळू दिली नसती." कपबशा उचलल्या, आत गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.

चेंडू नको म्हणाल्या. तुमच्याकडंच राहू द्या.

१ ऑक्टोबर

भोंग्याचा फोन. क्लबात काय झालं ते त्याला कुणीतरी कळवलंय. म्हणाला, "काका, आईनं उगाच स्वतःवर घेतलं. आणि बाबांना तर मी ते परत आले त्याच दिवशी रडत रडत सांगितलं होतं! आई बाजारात गेली की आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून तो चेंडू जुना करायचो. गुळगुळीत बाजू बाबांची, खरबरीत माझी. बाबा म्हणायचे, आईला कळलं तर ती खजील होईल, बोलायचं नाही. मी आजवर बोललो नाही."

परवा सकाळी पोचतोय. आईला फोनवर नाही सांगणार म्हणाला, चेंडू तिच्या हातात देऊन दाखवणार. दोन्ही बाजू. मग तो स्वतःजवळ ठेवायचाय त्याला, बाबांनी नि त्यानं मिळून केलेली तेवढी एकच वस्तू आहे.

"तसाच आहे ना रे काका?"

मी हो म्हणालो.